काकांचा राग शास्त्रावर नाही

पत्राचा सारांश: वाचक २६ वर्षांची आहे. समुद्राच्या पाण्याची मोजमापं घेणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात ती कंत्राटावर काम करते. घर गोव्यात मांडवी नदीकाठच्या गावात, थोडी खाजन शेती, म्हणजे नदीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली. तिचे काका हायस्कूलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि आता गावच्या कुळ संघटनेचे, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघटनेचे, अध्यक्ष आहेत. हवामान बदल हे पैसे उकळण्यासाठी रचलेलं थोतांड आहे असं त्यांचं मत. 'नोबेल मिळालेला शास्त्रज्ञसुद्धा हेच सांगतो' असा व्हिडिओ त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता. चवथीला (गणपतीला) सगळे मूळ घरी जमले असताना विषय निघाला. काका म्हणाले, "तुमचे शास्त्रज्ञ पैसे देईल त्याच्यासारखा रिपोर्ट लिहितात. मोपाला बघितलं ना? तुझा पगारही त्यावरच चालतो." ती म्हणाली, "९७ टक्के शास्त्रज्ञ एका बाजूला आहेत. तुम्हांला यातलं काही कळत नाही." तेव्हापासून दोघांत अबोला आहे. यंदाच्या पावसात गावच्या बांधाला दोन ठिकाणी भगदाड पडलं. तो किती उंच बांधायचा यावर लवकरच कुळ संघटनेची बैठक आहे. समुद्र चढतोय म्हणून बांध फुटला, हे तिला तिथे सांगायचंय. ती विचारते: काकांचा शास्त्रज्ञांवर विश्वास कसा बसवू? आमच्या सरांना गावात आणू का?

उत्तर:

तुझ्या काकांचं वाक्य मला ओळखीचं वाटलं. 'पैसे देईल त्याच्यासारखा रिपोर्ट' हे गोव्यात कुठल्याही जनसुनावणीला गेलं की तासाभरात एकदा तरी कानावर पडतं, आणि बोलणारा दरवेळी हवेत बोलत नसतो. आपल्याकडची पद्धतच बघ. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल लिहिणारा सल्लागार कोण नेमतो? प्रकल्पवाला. त्याची फी कोण देतो? प्रकल्पवालाच. मोपाच्या विमानतळाचं म्हणशील, तर काकांपाशी कागद आहे. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या विमानतळाची पर्यावरण परवानगी स्थगित ठेवली होती, कारण अर्जात जी माहिती द्यायला हवी ती नीट दिलेलीच नव्हती. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली, आज तिथून विमानं उडतात. पण लोकांच्या डोक्यात राहिला तो पहिला निकाल. खाणींचं तर विचारूच नको. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि खाणी थांबल्या, तोवर किती वर्षं खनिजाचे ट्रक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धावत होते. किनारी व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे ग्रामसभांपुढे आले तेव्हा माणसं उभी राहून विचारत होती, यात आमचा बांध कुठाय, आमची मानस (बांधातलं पाणी सोडायचं दार) कुठाय?

हे सगळं पाहिलेला माणूस 'तज्ज्ञ' म्हटल्यावर सावध होणारच. तू पत्रात दोनदा लिहिलंयस की काकांना विज्ञान समजत नाही. ज्यांनी तीसेक वर्षं मुलांना भिंग आणि लिटमस हातात दिला त्यांच्याबद्दल हे जरा जास्तच होतं. त्यांचा राग शास्त्रावर नाही, सह्या करणाऱ्यांवर आहे. त्यांची चूक पुढे होते: एका माणसाने सहीसाठी पैसे घेतले म्हणजे सगळं शास्त्रच विकाऊ, अशी उडी ते मारतात. एखादा डॉक्टर रजेसाठी खोटं सर्टिफिकेट लिहून देतो, म्हणून क्विनीन खोटं ठरत नाही.

आणि तूही चवथीला तीच उडी मारलीस, फक्त उलट्या दिशेने. '९७ टक्के शास्त्रज्ञ' म्हणालीस. तो आकडा शोधनिबंधांच्या पाहणीतून आलेला आहे, तो खोटा नाही. पण काकांच्या कानांना तो कसा ऐकू आला असेल? ज्या सह्यांवर त्यांचा विश्वास नाही, त्याच सह्या तू मोजून दाखवल्यास. म्हणून तुझा पहिला प्रश्न मी थोडा बदलून घेते. काकांचा शास्त्रज्ञांवर विश्वास बसायलाच हवा असं नाही. अमुक एक दावा खोटा असता तर तो पकडला कोणी असता, आणि पकडायची संधी कोणाला मिळाली, एवढं त्यांना तपासता आलं तरी पुष्कळ आहे.

प्रकल्पाच्या अहवालात ही संधी फार थोड्यांना मिळते. एक सल्लागार, मोजके दिवस, आकडे त्याच्याच कपाटात, आणि हरकत घ्यायला महिनाभराची मुदत. समुद्राच्या पातळीचं तसं नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. त्या ठेवायला ज्यांनी सुरुवात केली त्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हवामान बदल हा शब्दही ऐकला नसेल. त्यांना बंदरात येणाऱ्या जहाजांची काळजी होती. त्यांना कोणी कशासाठी पैसे चारले असतील, हे काकांना जरूर विचार. (हसत विचार. चवथीच्या आवाजात नको.)

पैशांचाच मुद्दा असेल तर रिचर्ड म्युलर यांची गोष्ट सांग. हे कॅलिफोर्नियातले पदार्थवैज्ञानिक. तापमानाच्या जुन्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता; केंद्रांच्या भोवती शहरं वाढली म्हणून तापमापकं जास्त दाखवत असतील, असा त्यांना संशय होता. काकांसारखाच. त्यांनी जगभरच्या नोंदी नव्याने तपासायला घेतल्या. त्या कामाला चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाचेही पैसे होते, आणि कोक यांचा उद्योगसमूह तेलाच्या धंद्यात मुरलेला. म्हणजे पैसे देणाऱ्याला हवा तो निकाल लावायचा असता तर इथे लागायला हवा होता. २०१२ मध्ये म्युलर यांनी जाहीर केलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे.

आता तो नोबेलवाला व्हिडिओ. तू नाव लिहिलेलं नाहीस, पण बहुधा ते जॉन क्लाउझर असतील. त्यांना २०२२ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते क्वांटम भौतिकीतल्या प्रयोगांसाठी; हवामानावर त्यांचं तसं काम नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना मिळाला, तो मात्र हवामानाच्याच अभ्यासासाठी. पण नोबेलला नोबेलने टोला हाणण्यात मला फारसा रस नाही. मानाबेंनी १९६७ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर जे गणित मांडलं ते काकांना दाखव, कारण ते विज्ञानाच्या शिक्षकाला आवडण्यासारखं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर काय होईल? त्यांचं उत्तर आलं: जमिनीजवळची हवा तापेल आणि वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल. सूर्यच जास्त तापत असता तर खालीवर दोन्हीकडे ऊब वाढायला हवी होती. पुढे फुगे आणि उपग्रह यांनी वरची हवा मोजली तेव्हा ती थंड होत चाललेली आढळली. वरच्या थंडाईला ओझोन कमी होण्याचाही हातभार आहे, हेही सांग. काका ते शोधून काढतीलच, त्यांच्या आधी तू सांगितलेलं बरं.

याच कारणासाठी आणखी एक प्रकरण तू स्वतःहून काढावंस असं मला वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००७ च्या अहवालात लिहिलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील. आपल्याकडचे ज्येष्ठ भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांचा हिमनद्यांवरचा अहवाल २००९ मध्ये सरकारने प्रसिद्ध केला. त्याचा सूर वेगळा होता. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला 'वूडू सायन्स' म्हणून उडवून लावलं. जादूटोणाच म्हण ना. काही आठवड्यांतच, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला ते २०३५ चं विधान मागे घ्यावं लागलं. ते मुळात कुठल्या शोधनिबंधातून आलेलंच नव्हतं. मुलाखतीतून एका संस्थेच्या अहवालात आणि तिथून आयपीसीसीत शिरलं होतं. चूक दाखवून दिली ती हिमनद्यांवरच काम करणाऱ्यांनी. हिमनद्या वितळताहेत हे त्यांपैकी कोणी नाकारलं नाही, पण तारीख चुकीची होती आणि वरची मगरूरी त्याहून वाईट. लोकांच्या मनातली अढी अशा मगरुरीने जेवढी वाढते तेवढी एखाद्या चुकलेल्या आकड्याने वाढत नाही, असं माझं मत. 'तुम्हांला यातलं काही कळत नाही' हे वाक्य त्याच जातीचं होतं, हे तुला मी सांगायला नको.

इथवर तुझी बाजू. आता बैठकीत तू जे बोलणार आहेस त्याकडे येते, कारण खरी अडचण मला तिथे दिसते.

'समुद्र चढतोय म्हणून बांध फुटला.' काका लगेच विचारतील, किती चढला? आकडा तुला ठाऊक असणार, तरी इथे लिहिते, कारण इतर वाचकांनाही तो हवा. उत्तर हिंदी महासागरात १८७४ ते २००४ या काळात पातळी वर्षाला साधारण १ ते पावणेदोन मिलिमीटरने वाढली. हे गणित दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जुन्या बंदरांच्या नोंदींवरून मांडलेलं आहे. १९९३ ते २०१७ मध्ये वेग वाढून वर्षाला ३.३ मिलिमीटर झाला. म्हणजे काका विशीत होते तेव्हापासून आजवर पाणी पाच-सहा बोटं वर आलं असेल. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर दोन मीटरच्या आसपास असतं. पाच-सहा बोटांनी बांध फोडला, असं तू म्हणालीस तर बैठकीतला पहिला म्हातारा तुला बसवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

बांध कशाने फुटतात हे गावाला माहीत आहे. नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जी गेल्या की लाटा बांधाला धडकतात. खेकडे बिळं करतात. बांधात खारफुटीची मुळं घुसली की भेगा पडतात. पूर्वी बांधाच्या डागडुजीला, खेप घालायला, अख्खा वाडा उतरायचा, आता शेती पडीक, त्यामुळे कोणी फिरकत नाही. आणि मानशीची पावणी, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव. ज्याने पावणी घेतली तो मासळीसाठी दारं हवी तेव्हा उघडी ठेवतो, खारं पाणी आत घेतो, खारेपणा सोसणारा कोरगूट भातही जळून जातो. कोणाचं नाव घ्यायचं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी घेत नाही. अशा वेळी 'हवामान बदल' हे कारण फार सोयीचं पडतं, हे लक्षात घे. बार्जवाला सुटतो, पावणीवाला सुटतो, दुरुस्ती लांबवणारा अधिकारीही सुटतो. काकांचा विरोध यालाच असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

तरीही तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे, आणि ते बांधाच्या उंचीपेक्षा मानशीत जास्त आहे. मानशीची लाकडी दारं बाहेरच्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी निचरायला दिवसातून दोनदा ठरावीक तास मिळतात. बाहेरची पातळी अर्धी वीत वर आली, तर उधाण बांधावरून येणार नाही कदाचित, पण दारं उशिरा उघडतील आणि लवकर मिटतील. निचऱ्याचे तास कमी. त्यात एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि नदी फुगलेली असली, तर पाणी आतच कोंडतं आणि बांधाला आतून दाबतं. २३ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांच्या आठवणीत आहे; १९८२ नंतरचा सर्वांत मोठा असं तेव्हा मुख्यमंत्रीच म्हणाले होते. असे मुसळधार पाऊस तापलेल्या हवेत वाढतात, कारण गरम हवा जास्त बाष्प धरते. आता बांधा, मानस दुरुस्त करा, पण पुढची तीस वर्षं धरून करा: आजच्या वेगाने दहा सेंटिमीटर, आणि वेग वाढतोय म्हणून वर थोडी जास्त मोकळीक. शतकाच्या अखेरीला आयपीसीसीचा २०२१ चा अंदाज कमीत कमी उत्सर्जनात साधारण एक ते पावणेदोन फुटांचा, आणि उत्सर्जन फारच वाढत गेलं तर दोन ते सव्वातीन फुटांचा आहे. तो आकडा सांग, पण तो नातवंडांच्या बांधाचा आहे हेही सांग.

मग काय करायचं? बैठकीच्या आधी काकांना भेट, घरी, दुसरं कोणी नसताना. 'त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हांला काही कळत नाही म्हणाले, ते चुकलं' एवढं म्हण आणि थांब. 'पण तुम्हीसुद्धा...' तिथेच जोडू नकोस. पगाराचं त्यांचं बोलणं तुला लागलंय हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं; ते दुसऱ्या दिवशी वेगळं सांग, गिळून टाकू नकोस. कंत्राटावर वर्षावर्षाने मुदत वाढवून घेणाऱ्या मुलीला 'तुझा पगार त्यावरच चालतो' म्हणणं सोपं असतं. समुद्र चढला काय नि उतरला काय, तुझा पगार तेवढाच राहतो, हे त्यांना एकदा कळू दे.

मग त्यांच्याबरोबर बांधावर जा. तू विचार, त्यांना बोलू दे: भगदाड पडलं तिथे पाणी बाहेरून आलं की आतून? आधी कुठे झिरपत होतं? मानशीची दारं शेवटची कधी बदलली? हे तुझ्या कुठल्याही यंत्रात नोंदलेलं नाही आणि तुझ्या कामाला ते हवंय. मानशीच्या जांभ्या दगडावर रंगाने पाच-पाच सेंटिमीटरच्या खुणा करा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं असतं, तेव्हा पाणी कुठवर आलं, दारं किती वाजता उघडली आणि मिटली, हे काकांच्या अक्षरात वहीत उतरू दे. मुरगाव बंदराची छापील भरतीची वेळापत्रकं मिळतात. शेजारी तो आकडा लिही. तुमचा गाव नदीत आत असल्यामुळे वेळ पुढेमागे होईल, ते फरकही कळतील. दोन पावसाळ्यांच्या वहीने समुद्र चढतोय हे सिद्ध होणार नाही, त्याला दशकं लागतात, आणि तसं तू आधीच सांगून ठेव. पण मानस किती रुंद हवी हे ठरवायला ती वही कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा उपयोगी पडेल.

तुझ्यासारखी पत्रं आणखीही आली आहेत. कोणाचे सासरे, कोणाचा आतेभाऊ, एका मास्तरांचा तर स्वतःचा मुलगा. त्यांनाही थोडं सांगते. ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे माणूस तुमच्याशी बोलत नसतो, बघणाऱ्यांशी बोलत असतो. 'हवामान बदल मानता की नाही' हा प्रश्न निवडणुकीतला वाटतो, तो सोडून एकेक दावा वेगळा काढा: तापमान वाढलं का, कशाने, आपल्या गावात त्याचं काय, आणि उपाय कोणता. कितीतरी जणांचा पहिल्या तीनांना विरोध नसतोच. चौथ्याची धास्ती असते, म्हणजे कर, बंदी, जमीन जाणं, आणि ती पहिल्यावर निघते. 'काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?' हे जरूर विचारा, पण आधी स्वतःचं उत्तर तयार ठेवा, कारण समोरून तोच प्रश्न उलटून येणार. आणि काही माणसं बदलत नाहीत. त्यांच्याबरोबर जेवायला बसताना विषय बदलला म्हणून तुमचं शास्त्राशी इमान कमी होत नाही.

राहिले तुझे सर. त्यांना आण, पण बैठकीत व्यासपीठावर बसवून, शाल-श्रीफळ देऊन भाषण नको. ते झालं की गावाला पुन्हा एक तज्ज्ञच दिसेल. आधी त्यांना काकांबरोबर ओहोटीच्या वेळी मानशीपाशी ने आणि ते कोणाच्या पैशांवर काम करतात हे त्यांना स्वतःलाच सांगू दे, काकांनी विचारायच्या आधी. प्रकल्पाचे आकडे सार्वजनिक आहेत का, कुठे बघायला मिळतात, हेही. सरांना यातलं काही सांगायला अवघड वाटत असेल तर त्यांना या खेपेला आणू नकोस. बैठकीत तू एकटी बोल, पाच मिनिटं, पावणी आणि बार्जींपासून सुरुवात करून. पावणीचं नाव घ्यायची पाळी आली तर ते काकांना घेऊ दे, अध्यक्ष ते आहेत.